पायरसी: बघणारा, विकणारा आणि तक्रार करणारा

२०२५ च्या नोव्हेंबरात हैदराबाद पोलिसांनी तेलुगू सिनेमे परवानगीशिवाय फुकट दाखवणारी 'आयबोम्मा' ही वेबसाइट चालवल्याच्या आरोपावरून एकाला अटक केली. त्या बातमीची सोलापूरच्या पूर्व भागात जेवढी चर्चा झाली, तेवढी पुण्यात झाली नसेल. अशोक चौकाच्या पुढे गेलं की गल्लीच्या गल्ल्या घरात तेलुगू बोलतात. आजी विडी वळता वळता तेलुगू सिनेमा बघते, नातू मागावरून आला की तोच सिनेमा मोबाइलवर पुन्हा लावतो. त्या साइटचं नाव तिथे चहाच्या टपरीवरही माहीत होतं. अटकेनंतर लोक हळहळले. "बिचारा, गरिबाला फुकट दाखवत होता," अशा पोस्ट फिरल्या.

त्याच आठवड्यात माझ्या मित्राचा मुलगा घरी आला होता. टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो, वय बावीस. त्याने विचारलं, "काका, मी पण बघितलो की त्याच्यावर. मग मी पण चोर झालो का?" आणि थोड्या वेळाने, आवाज खाली करून, "आमच्या गल्लीत एकजण पेनड्राइव्ह भरून देतो. त्याचं नाव सांगायचं का पोलिसाला?"

मला पहिल्या प्रश्नापेक्षा दुसरा जास्त अवघड वाटतो. पण पहिल्याचं उत्तर नीट लागल्याशिवाय दुसऱ्याला हात घालता येत नाही.

चादर नेली आणि डिझाइन नेलं

सोलापूरकराला हे समजवायला चादरीसारखा दाखला नाही. दुकानातून कुणी चादर उचलून नेली तर दुकानात एक चादर कमी होते. ही चोरी. पण समजा, एका कारखानदाराने नवं डिझाइन काढलं. कागदावर आखलं, जेकार्डची कार्डं (मागाला नक्षी सांगणारे पुठ्ठे) भोकं पाडून तयार करून घेतली, दोन-तीनदा बिघडलेला माल बाजूला टाकला आणि मग एक चांगला नमुना हाती आला. शेजारच्याने रात्रीतून त्या कार्डांची नक्कल करून घेतली. सकाळी पहिल्याच्या कारखान्यात सगळं जागच्या जागी आहे, एक कार्डही हललेलं नाही. तरी त्याचं काहीतरी गेलंय. त्या डिझाइनवर पुढचे सहा महिने जो पैसा मिळायचा, तो आता दोघांत वाटला जाणार. आणि दुसऱ्याला घडणावळीचा खर्च नसल्याने तो स्वस्त विकणार.

दुसऱ्याची निर्मिती परवानगीशिवाय उतरवून घेणं, वाटणं किंवा दाखवणं म्हणजे पायरसी. आणि निर्मिती कोण उतरवेल, कोण दाखवेल हे ठरवण्याचा अधिकार म्हणजे कॉपीराइट. (चादरीच्या डिझाइनसाठी वेगळा कायदा आहे, पण तत्त्व तेच.) हा अधिकार कायमचा नसतो. भारतात सिनेमावरचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. म्हणजे १९६० साली लागलेला सिनेमा २०२१ उजाडल्यापासून त्या हक्कातून मोकळा झाला.

म्हणून "पायरसी म्हणजे चोरी" हे घोषवाक्य मला अर्धवट वाटतं. फौजदारी कायद्यातल्या चोरीच्या कलमात ती बसत नाही. तिच्यासाठी १९५७ चा वेगळा कॉपीराइट कायदा आहे. पण चोरी नाही म्हणून काहीच नाही, असंही नव्हे. रात्रीतून कार्डं उतरवून नेणाऱ्याला बाजारात कुणी शाबासकी देत नाही.

सिनेमा फुटतो कुठून

तीन दारं आहेत. पहिलं थिएटरचं: पडद्यावर चालू असलेला सिनेमा कॅमेऱ्याने टिपायचा. कॅम प्रिंट म्हणतात ती हीच. मध्येच एखादं डोकं आडवं जातं, आवाज डब्यातून आल्यासारखा. दुसरं दार आतल्या माणसाचं. सिनेमा प्रदर्शनाआधी संकलन, डबिंग, सेन्सॉर अशा बऱ्याच हातांतून जातो. २०१६ मध्ये 'उडता पंजाब' प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी इंटरनेटवर आला, तेव्हा त्या प्रतीवर सेन्सॉरसाठीची खूण तशीच होती. तिसरं दार ओटीटीचं: सिनेमा तिथे आला की कुलूप तोडून अगदी स्वच्छ प्रत काढली जाते.

थिएटरच्या दाराला आता पहारा आहे. डिजिटल प्रोजेक्शनमध्ये डोळ्याला न दिसणारी खूण चित्रात मिसळलेली असते. फुटलेल्या प्रतीतून ती वाचली की कुठल्या थिएटरात, कुठल्या तारखेला, किती वाजता हे रेकॉर्डिंग झालं ते सांगता येतं.

फुकट दाखवणाऱ्याला पैसे कुठून मिळतात, हा प्रश्न माझ्या बावीस वर्षांच्या पाहुण्याला कधी पडला नव्हता. "जाहिराती असतात," एवढंच तो म्हणाला. कशाच्या? बेटिंगच्या. 'प्ले' दाबलं की आधी दुसरीच खिडकी उघडते, मग एखादं ॲप उतरवून घ्यायला सांगते. पायरसीच्या साइटचं दुकान यावर चालतं. गिऱ्हाईक तुम्ही नाही, तुमचं बोट हाच तिथला माल आहे. आयबोम्मा प्रकरणातही बेटिंग ॲपच्या जाहिराती केल्या जात होत्या, असं हैदराबाद पोलिसांचं म्हणणं आहे. ते कोर्टात ठरेल. पण गरिबांचा कैवारी शोधायला ही जागा बरी नव्हे, एवढं आजही म्हणता येईल.

दोनशे रुपयांचं काय होतं

मल्टिप्लेक्समधलं दोनशेचं तिकीट घ्या. शंभरच्या वरच्या तिकिटावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे तीसेक रुपये सरकारचे. उरले एकशे सत्तर. २००९ मध्ये हिंदी सिनेमाचे निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाले यांच्यात मोठं भांडण झालं, दोन महिने नवे सिनेमे लागले नाहीत, आणि मग वाटणी ठरली: पहिल्या आठवड्यात निम्मे वितरकाला, दुसऱ्यात साडेबेचाळीस टक्के, तिसऱ्यात साडेसदतीस, पुढे तीस. थोडक्यात, दोनशेतले जेमतेम पंचाऐंशी रुपये सिनेमाच्या बाजूला जातात, तेही पहिल्या आठवड्यात. एकपडदा थिएटरचं गणित वेगळं असतं, पण जोर पहिल्या आठवड्यावरच.

कॅम प्रिंट शुक्रवारी रात्रीच का येते, ते यावरून कळेल. ज्या चार दिवसांत निर्मात्याचा वाटा सगळ्यात मोठा, त्याच चार दिवसांत ती फिरते. मोठ्या हिरोचा सिनेमा तरीही तरतो, कारण त्याच्यासाठी लोक शिट्ट्या मारायला थिएटरातच येतात. बारक्या मराठी सिनेमाला सोलापुरात मुळात दोन शो मिळतात, त्यातला एक दुपारी बाराचा. शुक्रवार-शनिवारी पाचपन्नास लोक आले नाहीत तर सोमवारी शो उतरतो. तिथे फुकटची प्रत म्हणजे आधीच तुटायला आलेल्या धाग्यावर हात ठेवणं.

कायदा कुणाला धरतो

इथे लोकांच्या डोक्यात सगळ्यात जास्त घोळ आहे. ब्लॉक केलेली साइट उघडली की पूर्वी एक सूचना यायची: हे बघितलंत, उतरवून घेतलंत तर तीन वर्षं कैद. २०१६ मध्ये 'ढिशूम' सिनेमाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती गौतम पटेल यांच्यासमोर हा मजकूर आला. त्यांनी स्पष्ट केलं की नुसतं बघणं हा गुन्हा नाही. परवानगीशिवाय वाटणं, जाहीरपणे दाखवणं, विकणं किंवा भाड्याने देणं हा गुन्हा आहे. सूचना बदलायला लावली.

तेव्हा बघणारा सुटला. प्रत उतरवून ठेवली की मात्र नक्कल झाली, आणि ती चार जणांना पुढे पाठवली की वाटप झालं. कॉपीराइट कायद्याच्या ६३ व्या कलमात किमान सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे. त्याच कलमात एक सवलत आहे, ती बारकाईने वाचण्यासारखी: कृत्य धंद्यातल्या कमाईसाठी केलेलं नसेल, तर कोर्ट कारणं नोंदवून किमान शिक्षेपेक्षा कमी शिक्षा देऊ शकतं. म्हणजे पैसा कमावणारा आणि न कमावणारा यांत कायदाही फरक करतो. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

२०२३ मध्ये सिनेमॅटोग्राफ कायदा बदलला. नक्कल करण्याच्या इराद्याने थिएटरात सिनेमा टिपणं, पूर्ण किंवा त्याचा भाग, आणि नक्कल प्रत जाहीरपणे कमाईसाठी दाखवणं, या दोन्हींना किमान तीन महिने ते तीन वर्षं कैद. दंड किमान तीन लाख, आणि वरची मर्यादा सिनेमाच्या एकूण निर्मितीखर्चाच्या पाच टक्के. शंभर कोटींचा सिनेमा असेल तर पाच टक्के किती, ते ज्याने त्याने काढावं.

'त्याचा भाग' हे शब्द पूर्व भागातल्या पोरांनी जरा मनावर घ्यावेत. तेलुगू हिरोचा पहिला शो मी बघितलाय. पडद्यावर त्याचे बूट दिसले की कागदाचे तुकडे उडतात, पाच-सहा ओळींत सगळे उभे, आणि प्रत्येकाच्या हातात मोबाइल वर. हिरो पडद्यावर कमी आणि शे-दीडशे मोबाइलच्या पडद्यांवर जास्त दिसतो. दहा मिनिटांत ते सगळ्यांच्या स्टेटसला. प्रेमापोटी करतात, नक्कल विकायचा विचारही नसतो. पण थिएटरवाल्याने हटकलं तर त्याच्याशी हुज्जत घालू नये.

आणि महाराष्ट्रापुरतं आणखी एक. एमपीडीए हा शब्द आपण गुंडांच्या बातम्यांत वाचतो. १९८१ च्या त्या कायद्यात २००९ पासून 'व्हिडिओ पायरेट' हाही प्रकार आहे. म्हणजे सराईत पायरसीवाल्याला हातभट्टीवाल्याच्या रांगेत बसवून खटल्याशिवाय वर्षभरापर्यंत स्थानबद्ध करता येतं. हे मला अती वाटतं. पण कायदा आहे.

"पण हिरो तर कोट्यवधी घेतात"

घेतात. आणि सिनेमा फुटायच्या आधी घेतात. नुकसान होतं ते मागच्या रांगेतल्यांचं: ज्याचं मानधन शेवटच्या हप्त्यावर ठेवलंय तो, ज्या निर्मात्याने घर गहाण टाकलंय तो, आणि ज्या एकपडदा थिएटरात बॅटरी घेऊन खुर्ची दाखवणारा माणूस रोजंदारीवर आहे तो. आपल्या डोळ्यांदेखत किती टॉकीज बंद झाल्या ते मोजा. सगळ्या पायरसीमुळे नाही; टीव्ही, जागेचे भाव, मल्टिप्लेक्स, बरंच काही आहे.

"मी तसंही तिकीट काढलंच नसतं"

हा आक्षेप मला प्रामाणिक वाटतो. पायरसीमुळे वर्षाला २०,००० कोटींचं नुकसान होतं, असा आकडा केंद्र सरकारने २०२३ मध्ये दिला. असल्या आकड्यांपुढे मी जरा थांबतो. फुकट बघितलेला प्रत्येक सिनेमा म्हणजे एक बुडालेलं तिकीट, असं धरलं तर आकडा फुगतोच. दिवसभर विडी वळून त्यात घर चालवणारी बाई चार माणसांची आठशे रुपयांची तिकिटं काढणार होती, असं कोण म्हणेल? तिच्याकडून बुडालेलं तिकीट शून्य. पण आमच्या मित्राच्या मुलाने त्याच महिन्यात तीनदा बाहेर बिर्याणी खाल्ली होती. त्याचं बुडालेलं तिकीट शून्य नाही, हे त्याने लाजत कबूल केलं.

सोलापुरात सिनेमा लागतच नाही, ही तक्रार याहून खरी आहे. महोत्सवात गाजलेला मराठी सिनेमा आपल्याकडे येतो तो एका शोने आणि जातो तोही न कळवता. ओटीटीवर यायला महिने लागतात, कधी येतच नाही. माल दुकानात ठेवायचा नाही आणि गिऱ्हाईक मागच्या दाराने गेलं म्हणून रडायचं, यात निर्माते-वितरकांचीही चूक आहे. मात्र परवा लागलेल्या मोठ्या सिनेमाची कॅम प्रिंट बघणाऱ्याने हे कारण पुढे करू नये. तो सिनेमा पाच शोंनी चालू आहे.

तक्रार म्हणजे चुगली का?

आता दुसरा प्रश्न. आधी कायद्यापुरतं: काही गुन्ह्यांची माहिती पोलिसांना देणं नागरिकावर बंधनकारक असतं. खून, दरोडा, पैशासाठी अपहरण असली यादी आहे, ती नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ३३ व्या कलमात आहे. कॉपीराइटचा गुन्हा त्या यादीत नाही. म्हणजे सांगितलं नाही म्हणून कुणी तुम्हाला धरणार नाही. प्रश्न उरतो तो नीतीचा.

आमच्याकडे लहानपणापासून दोन गोष्टी एकदम शिकवतात: खोटं खपवून घेऊ नको, आणि चुगली करू नको. कुठे पहिली लागू करायची आणि कुठे दुसरी, हे कुणी शिकवत नाही. मी स्वतःपुरता एक हिशेब ठेवलाय. त्या माणसाच्या हातात या कामाचा पैसा येतो का? त्याच्यामुळे प्रती वाढत जातात का? आणि मी तक्रार केली तर त्याला होणारा त्रास त्याने केलेल्या नुकसानाच्या मापाचा असेल का?

तिसरा प्रश्न लोक विसरतात. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ६३ व्या कलमाचा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. दखलपात्र म्हणजे पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येते. अजामीनपात्र म्हणजे जामीन मिळतच नाही असं नाही, पण तो हक्काने मागता येत नाही. कोर्टाने द्यावा लागतो. तक्रारीचं बटण दाबलं की पुढचं तुमच्या हातात राहत नाही. "अहो, मला फक्त त्याला समज द्यायची होती," हे चौकीत ऐकून घेत नाहीत.

काही वर्षांपूर्वी आमच्या ओळखीच्या एका मोबाइल दुकानात मेमरी कार्ड भरून मिळायचं. काउंटरवर जुना संगणक, कार्ड रीडरला लाल दिवा, वीस रुपयांत चार सिनेमे आणि वर दोनशे गाणी. पोरगं कार्ड घालायचं आणि दिवा लुकलुकणं थांबेपर्यंत स्क्रीनगार्ड लावून द्यायचं. अख्ख्या पेठेला माहीत होतं, कुणाला काही वाटत नव्हतं. तक्रार झाली ती शेजारच्या दुकानदाराशी पायरीवरून भांडण झाल्यावर. संगणक गेला, पोरगं दोन रात्री आत राहिलं. कृत्य बेकायदा होतं, पैसाही कमावत होतं, प्रतीही वाढत होत्या. माझ्या हिशेबात ती तक्रार बसते. तरी ती ज्या कारणाने झाली ते आठवलं की तोंड कडू होतं. गंमत म्हणजे तक्रार करणाऱ्याने स्वतःच्या पोराचं कार्ड तिथूनच भरून घेतलं होतं.

या हिशेबाने बघितलं तर घरी बसून बघणाऱ्याची तक्रार करण्यात अर्थ नाही. तो मुळात गुन्हाच नाही. मित्राला एक फाइल पाठवणाऱ्याशी बोलावं, रागवावं, भांडावंही; पोलिसांपर्यंत नेऊ नये. साइट, हजारो सदस्यांचं टेलिग्राम चॅनल, थिएटरात स्टँड लावून टिपणारा, नव्या सिनेमावर धंदा करणारा केबलवाला: यांची तक्रार केली तर मी तिला चुगली म्हणणार नाही. गल्लीतल्या पेनड्राइव्हवाल्याचं काय? मी मुलाला सांगितलं, आधी त्याला जाऊन सांग की हे अजामीनपात्र आहे. त्यालाच माहीत नसेल. बहुतेकांना नसतं.

तक्रार करायचीच तर

माणसाआधी लिंक. केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने २०२३ च्या नोव्हेंबरात पायरसीच्या तक्रारींसाठी सेन्सॉर बोर्डात आणि पत्र सूचना कार्यालयात खास अधिकारी नेमले. त्यांचा आदेश गेला की संबंधित प्लॅटफॉर्मने ४८ तासांत लिंक काढायची असते. तक्रार कॉपीराइटधारकाने करणं अपेक्षित आहे, पण तुम्ही-आम्हीही करू शकतो. फक्त तेव्हा अधिकारी आधी सुनावणी घेऊन तक्रार खरी आहे का ते बघू शकतो. ही सोय मला आवडते. कुणाच्या दारात पोलीस न पाठवता माल बाजारातून उठतो. एक साइट बंद केली की दुसऱ्या नावाने उघडते, हे खरं. म्हणून २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अशा साइटच्या नव्या अवतारांवरही तोच आदेश लागू करण्याची पद्धत घालून दिली.

पुरावा म्हणून पत्ता, तारीख आणि स्क्रीनशॉट पुरतो. "खात्री करायला" सिनेमा उतरवून घेऊ नका, नाहीतर नक्कल करणाऱ्यांत तुमची भर. ऐकीव माहितीवर नाव देऊ नका. खोटी माहिती देऊन पोलिसांना कुणाच्या मागे लावणं हा भारतीय न्याय संहितेच्या २१७ व्या कलमाखाली गुन्हा आहे. आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणाचा फोटो टाकून 'हाच तो' लिहिणं ही तक्रार नव्हे.

यातलं मी स्वतः किती पाळलं? दोनेक वर्षांपूर्वी सोलापूर-पुणे खासगी गाडीत होतो. टेंभुर्णीच्या पुढे पडद्यावर त्याच आठवड्यात लागलेला सिनेमा सुरू झाला. कॅम प्रिंट. ऐन मारामारीत कुणीतरी पॉपकॉर्न आणायला उठलं आणि हिरोचं धड दिसेनासं झालं. गाडीत हशा. तिकीट घेऊन चाळीस लोकांना नक्कल प्रत दाखवणं, म्हणजे २०२३ च्या कलमात बरोब्बर बसणारं. मी क्लीनरला हळूच सांगितलं, "अरे, यावर तीन लाख दंड आहे." तो म्हणाला, "मालकाला सांगा की. पेनड्राइव्ह त्यांनीच दिलाय." मालकाचा नंबर तिकिटावर होता. मी फोन केला, त्यांनी "बघतो" म्हटलं. लेखी तक्रार मात्र मी केली नाही, आणि का नाही केली याचं धड उत्तर माझ्याकडे नाही.

महिन्या-दीड महिन्याने त्याच गाडीने गेलो. पडदा काढून टाकला होता, जागेवर दोन वायरी लोंबत होत्या. माझ्या फोनमुळे असं म्हणायला जागा नाही. पलीकडच्या सीटवरच्या पोराने भिगवण यायच्या आत कानात इअरफोन घातले, टेलिग्राम उघडलं आणि मोबाइल समोरच्या जाळीत नीट उभा करून ठेवला.